खैतानमध्ये अमेरिकेचं बारसं

अमेरिकेचं बारसं आम्ही कुवेतमधल्या खैतानमध्ये केलं. एका तळघरात, सतरंज्या घालून, सुंठवडा वाटून. कुणाला सांगितलं की आधी हसतात आणि मग विचारतात, "पण का?" तर का, ते सांगते. यात माझी चूक अजिबात नाही, हे आधीच सांगून ठेवते. चूक असलीच तर माझ्या सासऱ्यांची, थोडी नवऱ्याची, आणि बरीचशी त्या बॅटरीवर चालणाऱ्या पाळण्याची.

आम्ही राहतो कुवेतमध्येच, रिग्गईत. मी हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन, नवरा रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर, आणि चौदा वर्षांची लेक अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळेत. आईबाप नाशिकचे, जन्म कुवेतचा, आणि पोरगी शिकते काय, तर अमेरिकेचा इतिहास. पंचवटी कुठल्या काठावर आहे विचारा, खांदे उडवेल. बोस्टनचं बंदर विचारा, नकाशा काढून देईल. मराठीत प्रश्न केला की उत्तर इंग्रजीत येणार, हे तर आता आमच्या अंगवळणीच पडलंय.

तर शाळेनं तिला एक काम दिलं. ज्यांना या विषयातलं ओ की ठो कळत नाही अशा साध्या माणसांना, त्यांच्या भाषेत, अमेरिकेच्या इतिहासातला एक प्रसंग सांगायचा आणि त्याचा व्हिडिओ काढून आणायचा. अटी दोनच. सांगणं रंजक पाहिजे आणि प्रामाणिक पाहिजे. ओ की ठो न कळणारी साधी माणसं तिला शोधायला लांब जावं लागलं नाही. तिनं आम्हा दोघांना सोफ्यावर बसवलं आणि फोनमध्ये बघून वाचायला लागली. नवरा रात्रपाळी करून आलेला. दुसऱ्या मिनिटाला त्यानं मान टाकली, आणि व्हिडिओत लेकीच्या आवाजापेक्षा त्याचं घोरणं जास्त स्पष्ट आलं. बाईंनी शेरा मारून परत पाठवलं, 'प्रामाणिक आहे, पण श्रोता झोपला आहे. पुन्हा करा.' या वेळी जमलं नाही तर वर्षभराच्या इतिहासात नापास.

लेक रडली. मी नवऱ्याला जे बोलायचं ते बोलले. आणि नेमकं त्याच वेळी बाबा, म्हणजे माझे सासरे, आतल्या खोलीतून बाहेर आले आणि म्हणाले, "अगं, ह्याचं कीर्तन करू की!"

बाबा तेव्हा व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आले होते. सासूबाई गेल्यावर नाशिकच्या घरात एकटे काय करणार, म्हणून आणलं, आणि इथे चौथ्या मजल्यावर कोंडून घातलं. बाहेर ऊन असं की खालच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, दही आणेपर्यंत त्याची कढी व्हावी. बाबांनी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. तरुणपणी मात्र गावातल्या एका कीर्तनकाराच्या मागे उभं राहून झांजा वाजवायचे, त्यामुळे नमनापासून आरतीपर्यंत सगळं तोंडपाठ. पूर्वरंगात तत्त्व सांगायचं, उत्तररंगात त्याची गोष्ट लावायची.

"इतिहास जमला की नाही, हे ओळखायची एकच खूण आहे," बाबा तिला म्हणाले. "ऐकणारा मध्येच विचारतो, 'मग?' माझ्या अख्ख्या नोकरीत एका पोरानं 'मग?' म्हटलं नाही. 'सर, घंटा कधी होणार' एवढंच विचारायची मेली."

"आजोबा, बट दॅट्स सो सॅड," लेक म्हणाली.

"सॅड तर सॅड. तू लिही, मी बसवतो."

झालं. आमच्या हॉलमध्ये अमेरिकेचं स्वातंत्र्य बसायला लागलं. लेक इंग्रजीत सांगायची, मी मराठीत सांगायचे, बाबा त्याला चाल लावायचे, आणि नवरा पेटी धरायचा. पेटी वाजवायचा म्हणत नाही मी, धरायचा. गोष्ट कोणती, तर चहा समुद्रात फेकल्यापासून ते स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या होईपर्यंतची. शेवटी लेकीचं स्वतःचं एक वाक्य होतं. पेटी थांबवून, पुढे येऊन, मराठीत बोलायचं. सगळी माणसं जन्मतः समान आहेत असं ज्यानं जाहीरनाम्यात लिहिलं, त्याच्या स्वतःच्या मळ्यावर शेकडो गुलाम होते. त्यासाठी ती आरशासमोर उभी राहून 'ळ' घोटायची. मळा, मळा, मळा. पोरगी मराठीसाठी मेहनत घेतेय हे बघून माझं काळीज सुपाएवढं झालं होतं.

हॉल द्यायचं कबूल केलं आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी. खैतानमध्ये एका इमारतीचं तळघर आहे, तिथे आमची हळदीकुंकवं, कोजागिरी, सगळं शुक्रवारी दुपारी आणि बेताच्या आवाजात होतं. अध्यक्ष जुने माणूस. अर्धं आयुष्य कुवेतमध्ये एकाच तेल कंपनीत काढलेलं, इकामा म्हणजे राहायचा परवाना, तो कधी एक दिवस इकडचा तिकडे होऊ दिला नाही याचा त्यांना भारी अभिमान. रंगीत तालीम बघायला ते आणि वहिनी, म्हणजे त्यांच्या मिसेस, आमच्याकडे आले. चहा समुद्रात पडेपर्यंत माना डोलल्या. लढाईला तर वहिनींनी ताल धरला. मग लेकीचं वाक्य आलं, आणि अध्यक्षांनी कप खाली ठेवला.

"गुलाम शब्द नको."

"का हो?" बाबा म्हणाले.

"आपण पाहुणे आहोत इथे. कोणी रेकॉर्ड केलं, कोणी कुणाला काय अर्थ सांगितला, म्हणजे? उद्या ऑफिसात माझ्या मुदीरनं, साहेबानं बोलावून विचारलं, की हे गुलाम कोण, तर मी काय सांगू? अमेरिकेतले आहेत म्हणून सांगू? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मग काय म्हणायचं?"

अध्यक्षांनी खरोखर विचार केला. "मदतनीस म्हणा."

"शेकडो मदतनीस?"

"स्टाफ."

"विकत घेतलेला स्टाफ?" मी म्हटलं. मला राहवेना.

"मग मोठा परिवार होता म्हणा! त्यात खोटं काय आहे? मळ्यावर राहत होतेच ना सगळे?"

वहिनी म्हणाल्या, "किंवा कुळंबिळं म्हणा," आणि घोडं तिथेच अडलं. परिवार म्हणायचं कबूल असेल तर हॉल, नाहीतर नाही.

मला वाटलं, बाबा आता भांडणार. जन्मभर इतिहास शिकवलेला माणूस! पण बाबांनी उपरणं सारखं केलं आणि म्हणाले, "ठीक आहे. परिवार."

लेकीनं आजोबांकडे असं पाहिलं की मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. "इट्स अ लाय, आजोबा. मी नापास होईन, चालेल. पण हे नाही सांगणार," म्हणाली, आणि खोलीचं दार लावून घेतलं. पाहुणे गेल्यावर मी बाबांना स्पष्ट म्हटलं, की तुम्हाला कीर्तनाची एवढी हौस आहे की पोरीचं वाक्य विकलंत. मी सासऱ्यांना कधी वर तोंड करून बोललेली नाही. त्या दिवशी बोलले. बाबा दही-भात न खाता झोपले. मग मला रडू आलं. अशा घरात आता शुक्रवारी कीर्तन व्हायचं होतं.

लेक शेवटी तयार झाली, पण म्हणाली, व्हिडिओ पाहिजे म्हणून येईन, परिवारबिरिवार आजोबांनी सांगावं, मी तोंड उघडणार नाही. व्हिडिओचं पुढे काय करायचं ते माझं मी बघेन, म्हणाली.

इकडे वहिनींचं वेगळंच सुरू झालं होतं. देशाच्या जन्माचं कीर्तन आहे म्हटल्यावर त्यांनी मला फोन केला. "पाळणा कोण आणतंय?"

"कसला पाळणा? वहिनी, देश आहे तो."

"असू दे. जन्माचं कीर्तन पाळण्याशिवाय आजवर झालंय का कुठे? मंडळात तीन बायकांचे दिवस भरत आलेत, मला नाही असला अपशकुन चालणार. आणि पाळणा हलवायचाच आहे तर बारसंही उरकून टाकू. परत हॉल कोण देतंय?"

"अहो, पण नाव ठेवलेलं आहे त्या देशाचं."

"ठेवलेलं असलं तरी कानात सांगायला काय जातं?"

मग आत्या कोण, यावर मंडळाच्या ग्रुपवर दोन दिवस चर्चा झाली. इंग्लंड आई, हे सगळ्यांना पटलं. फ्रान्सनं लढाईत मदत केली हे बाबांनी सांगितल्यावर फ्रान्स मामा ठरला. वडिलांचा विषय कोणी काढला नाही, कारण मग फारच प्रश्न आले असते. आत्या मात्र सापडेना. शेवटी वहिनींनी निकाल दिला की ज्या पोरीचा कार्यक्रम, तीच आत्या. लेकीला विचारलं तर म्हणाली, "व्हॉटेव्हर."

शुक्रवारी तळघर गच्च भरलं. अमेरिका म्हणजे असोला नारळ, त्याला डोळे काढलेले आणि डोक्याला कुंची. पाळणा एका नर्सनं स्वतःच्या बाळाचा आणला होता, बॅटरीवरचा. बटण दाबलं की आपोआप झुलतो आणि इंग्रजी बडबडगीत वाजवतो. ते गीत बंद कसं करायचं हे तिला स्वतःलाही माहीत नव्हतं. तळघरात अख्खा पेट्रोकेमिकल प्रकल्प चालवतील एवढे इंजिनिअर बसले होते, पण एकालाही तो आवाज बंद करता आला नाही.

बाबा उभे राहिले. धोतर, उपरणं, हातात चिपळ्या. पगडी नाशिकला राहिली होती, म्हणून लाल चौकड्यांचा अरबी रुमाल डोक्याला गुंडाळलेला. लेकीच्या ड्रेसला शाळेच्या व्हिडिओसाठी छोटा माइक लावला होता, तो हॉलच्या स्पीकरला जोडलेला. ती कोपऱ्यात घुम्यासारखी बसली होती.

आणि काय सांगू, बाबा रंगले! पूर्वरंगात त्यांनी विचारलं, "माणूस चिडतो कधी? कर द्यावा लागतो आणि कोणी विचारत मात्र नाही, तेव्हा!" अमेरिकेतले लोक म्हणत होते, दरबारात आमचा माणूस नाही तर आमच्याकडून करही घ्यायचा नाही. यावर एक फायनान्सवाला मध्येच म्हणाला, "बुवा, आम्हाला पगारावर कर नाही आणि आम्हाला कोणी विचारतही नाही. मग आमचा हिशेब चोख आहे का?"

हशा झाला. बाबा चिपळ्या थांबवून म्हणाले, "चोख आहे. तुम्हाला क्रांती करता येणार नाही. बसा खाली."

मग चहा. पेट्याच्या पेट्या समुद्रात फेकल्या म्हटल्यावर बायकांमध्ये हाय हाय झाली. एकीनं विचारलं, कोरा की दूध घातलेला. बाबा म्हणाले, नुसती पत्ती. तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. "आणि फेकणारे कोण? गोरेच! पण वेष कोणाचा? तिथल्या आदिवासींचा! करायचं आपण आणि रूप घ्यायचं दुसऱ्याचं!" यावर टाळ्या पडल्या. अध्यक्षही हसले. हा प्रामाणिकपणा त्यांना चालला, कारण तो मजेचा होता. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, पण ताक मात्र मनसोक्त प्यायचं!

बाबा जाहीरनाम्यापाशी आले. "आणि तो महापुरुष लिहिता झाला, की सगळी माणसं समान जन्मतात! त्या महापुरुषाचा मळा मोठा, आणि मळ्यावर..." इथे बाबा थांबले. नवऱ्यानं पेटीचा सूर धरून ठेवला. बाबांनी लेकीकडे पाहिलं. तिनं मान फिरवली. "...आणि मळ्यावर मोठा परिवार होता," बाबा म्हणाले, इतक्या हळू की मागच्यांना ऐकूच गेलं नाही. अध्यक्षांनी मान डोलवली. मला त्या क्षणी दोघांचाही राग आला.

तेवढ्यात फुलं उधळली. वहिनींनी वेळ साधली होती. सह्या झाल्या, देश जन्मला! बायका पाळण्याभोवती गोळा झाल्या. कोणी गोविंद घ्या म्हणत नारळ पाळण्याखालून दिला, कोणी गोपाळ घ्या म्हणत वरून घेतला. पाळणा आपल्या मनानं झुलत होता आणि इंग्रजी गाणं म्हणत होता. त्यावर बायकांचं जो जो रे, आणि त्याच्याखाली नवऱ्याची पेटी तिसऱ्याच सुरात. "आत्या कुठे आहे? आत्याला पुढे करा!" वहिनी ओरडल्या.

लेक उठली. पाळण्यावर वाकली. नारळाला कान नव्हता, तरी कुंची बाजूला करून तिनं तोंड जवळ नेलं. बायका म्हणाल्या, "कुर्रर्र!" आणि नाव ऐकायला गप्प झाल्या. लेक पुटपुटली, आणि ते पुटपुटणं माइकमधून सगळ्या तळघरभर ऐकू आलं.

"ऐक. ज्यानं लिहिलं सगळी माणसं समान आहेत, त्याच्या मळ्यावर शेकडो गुलाम होते. विकत घेतलेले. त्यांना कोणी विचारलं नाही. तू मोठी झाली की हे लपवू नको. प्लीज."

'मळ्यावर'मधला 'ळ' अगदी स्वच्छ आला.

पाळणा तेवढा गातच होता. मी अध्यक्षांकडे बघायचं टाळलं. आत्यानं नाव सांगितलं की बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे असतात, ही आपली रीत. आता घालायचे की नाही, कोणालाच कळेना. वहिनी पुढे आल्या. त्यांचा चेहरा कसा होता, मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी हात उगारला आणि घातला एक सणसणीत धपाटा. "रीत म्हणजे रीत!" मग बाकीच्याही सरसावल्या. धप्, धप्, धप्. पोरगी मार खात होती, हसत होती, आणि डोळ्यांत पाणी.

पुढे हा व्हिडिओ शाळेत गेला आणि मला बाईंनी भेटायला बोलावलं. विद्यार्थिनी पास होती, पण बाईंना एकच कळत नव्हतं. इतकं चांगलं बोलल्यावर तिथल्या बायकांनी तिला मारलं का? मी इंग्रजीत अर्धा तास समजावलं. त्यांना अजून पटलेलं नाही. घरी येऊन मी लेकीला विचारलं, माइक चालू आहे हे तुला माहीत होतं का. ती म्हणाली, "मम्मा, मी चौदा वर्षांची आहे, चार नाही."

पण हे नंतरचं. त्या दिवशी धपाटे संपले आणि वहिनी एकदम म्हणाल्या, "अगंबाई, खाली गाडीत ड्रायव्हर बसलाय, त्याला सुंठवडा दिला का कोणी?" आणि मग प्रत्येकीला कोणी ना कोणी आठवायला लागलं. घरी कामाला ठेवलेली बाई, इमारतीचा राखणदार, म्हणजे हारिस, वफ्राच्या शेतावरून भाजी पोचवणारे लोक. उन्हात, बंद घरात, कुठे कुठे असलेल्या माणसांसाठी बायका कागदी रुमालात सुंठवडा बांधायला लागल्या. कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं. चिमूटभर सुंठ आणि खोबरं. मला हसू येत होतं आणि लाजही वाटत होती, कारण मीही एक पुडी बांधली.

तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून अध्यक्ष उठले. बाबांनी चिपळ्या छातीशी धरल्या. मी लेकीच्या पुढे जाऊन उभी राहिले, की बोलायचं ते मला बोला. अध्यक्ष सतरंजी तुडवत पाळण्यापर्यंत आले. नारळाकडे पाहिलं. त्यांनी घसा खाकरला, एकदा दाराकडे पाहिलं, आणि हळूच माझ्या लेकीला विचारलं,

"मग?"

लेकीनं आजोबांकडे पाहिलं. बाबांनी छातीशी धरलेल्या चिपळ्या खाली ठेवल्या.

"मग काय, काका?"

"अगं, त्या गुलामांचं," अध्यक्ष म्हणाले. आणि त्यांनी गुडघ्यांवर हात टेकत, सगळ्यांच्या पुढे, खाली सतरंजीवर बैठक मारली. "पुढे काय झालं त्यांचं? सांग."